डायलिसिस तालुक्याला लावायचं की बेळगावला?

आबांचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं होत आली. या काळात बेळगाव शहरातलं खासगी सेंटरही बघितलं आणि तालुक्याच्या, म्हणजे खानापूरच्या, सरकारी दवाखान्यातलंही. आता गावात कुणाची क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) वाढली की लोक आम्हालाच विचारतात, "कुठं लावू?"

अंतराचा विचार आधी करा. खानापूर ते बेळगाव साधारण 25 किलोमीटर, पण जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला जुलैच्या पावसात तेवढंही जड जातं. आठवड्याला तीन वेळा म्हणजे महिन्याला 12-13 फेऱ्या. चार तास मशीनवर काढून उठलेल्या माणसाचा बीपी उतरलेला असतो, त्याला बसमध्ये उभं राहून आणता येत नाही. सोबतच्या माणसाची रोजंदारी बुडते ती वेगळीच. या हिशोबात तालुक्याचं सेंटर सरळ पुढं आहे. पैशाचंही तसंच. बीपीएल कार्ड असेल तर सरकारी सेंटरमध्ये डायलिसिस मोफत आहे. खासगीत 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' लागू होत असेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी घ्या. नसेल तर डायलायझर (रक्त गाळायची नळी), ट्यूबिंग, हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि रक्तवाढीचं इंजेक्शन दरात धरलंय का, ते पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्या.

पण मी सेंटर निवडताना सगळ्यात आधी पाणी बघीन. एसी, टीव्ही, चकचकीत फरशी हे नंतर. एका डायलिसिसला साधारण 120 लिटर पाणी लागतं आणि पेशंटचं रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आपण पितो त्या पाण्याला आतडी तरी गाळतात, इथं ती सोय नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन राहून गेला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट कुठं आहे ते विचारा आणि दर शिफ्टच्या आधी क्लोरीन तपासून वहीत लिहितात का, तेही विचारा. चांगला टेक्निशियन वही उघडून दाखवतो. आम्हाला तालुक्याला ती दाखवली. शहरातल्या सेंटरमध्ये "तुम्हाला कशाला ते?" असं उत्तर मिळालं, आणि माझं मन तिथंच उठलं.

त्याच सेंटरमध्ये गर्दीच्या दिवशी आबांचे चार तास साडेतीनवर यायचे. पुढचा पेशंट दारात ताटकळत असायचा. सुरुवातीला आबांना बरंच वाटायचं, लवकर सुटका! महिन्याभरात पाय सुजले, रात्री उताणं झोपता येईना. तेव्हापासून सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ मी स्वतः लिहिते. महिन्यातून एकदा डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं युरिया तपासून घ्या. ते किमान 65 टक्के उतरलं पाहिजे. ठिकाण कुठलंही असो, हा आकडा मागायला लाजू नका.

हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिच्या पेशंटला वेगळं मशीन आहे का, डायलायझर पुन्हा वापरत असतील तर त्यावर तुमच्याच माणसाचं नाव आहे का, हे दर वेळी डोळ्यांनी बघा. हिपॅटायटिस बीची लस सुरुवातीलाच टोचून घ्या.

मग बेळगावला कधी? पहिले दोन-तीन महिने, असं माझं मत आहे. हातावर फिस्टुला (सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) करायचा सर्जन, रोज भेटणारा किडनीचा डॉक्टर, आयसीयू, हे सगळं शहरात आहे. तालुक्याला दिवसभर टेक्निशियनच सांभाळतो. फिस्टुला तयार व्हायला सहा-आठ आठवडे जातात. तोवर मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवर, भागवावं लागतं आणि कॅथेटरमधून जंतुसंसर्ग लवकर होतो. हृदय कमजोर असेल किंवा मशीनवर बीपी सारखा पडत असेल, तर शहर सोडू नका. बाकीच्यांनी फिस्टुला चालू झाला की तालुक्याला यावं.

टेक्निशियन कसा आहे त्यावर फार अवलंबून आहे. एकदा पावसात वीज गेली, जनरेटर लागेना. आबांचं रक्त नळ्यांत थांबलेलं. टेक्निशियन पोरानं पंपाला हँडल लावून हातानं हळूहळू फिरवत सगळं रक्त परत आत घातलं. घामानं चिंब झाला होता, पण आबांशी बोलणं एकदाही थांबवलं नाही. म्हणून बॅटरी बॅकअप किती मिनिटं चालतो, तेही विचारा. आणि भाषा. बरेच टेक्निशियन कन्नडच बोलतात, संमतीचे कागद कन्नडमध्ये. पोटरीत गोळा आला, गरगरतंय, एवढं तरी म्हाताऱ्या माणसाला तिथल्या तिथं सांगता आलं पाहिजे. आम्ही आबांना चार कन्नड शब्द शिकवून ठेवलेत.

निपाणीकडच्यांचं गणित वेगळं, त्यांना कोल्हापूरच जवळ. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव त्यात असेल तर तिकडं चौकशी करा. खानापूरकरांनी मात्र त्या भरवशावर आठवड्याला तीनदा कोल्हापूर गाठायचं मनातही आणू नये.

बघायला जाल तेव्हा शिफ्ट बदलायच्या वेळी जा. बाकावर बसलेल्या बायकांना विचारा, त्यांची माणसं किती वाजता आत गेली आणि किती वाजता बाहेर आली.