शोधनिबंधाची शीर्षके आणि वर्डमधील हेडिंग स्टाइल

शीर्षकाची ओळ निवडायची, ती ठळक करायची, अक्षराचा आकार थोडा वाढवायचा आणि पुढे लिहू लागायचे, ही माझी बरीच वर्षे सवय होती. अशी हाताने सजवलेली ओळ डोळ्यांना शीर्षक वाटली, तरी मायक्रोसॉफ्ट वर्डच्या लेखी ती निव्वळ ठळक मजकूर असते आणि म्हणून आपोआप तयार होणाऱ्या अनुक्रमणिकेत ती येत नाही. हेडिंग स्टाइल, म्हणजे वर्डमध्ये शीर्षकांसाठी असलेली तयार स्वरूपे, वापरू लागल्यावर ही अडचण संपली.

या सोयीत शीर्षकांच्या ९ पातळ्या मिळतात. त्यांचे मूळचे निळसर रूप शोधनिबंधाला शोभत नाही. पण एक शीर्षक हवे तसे सजवून त्या स्टाइलवर उजवी क्लिक केली आणि निवडलेल्या मजकुराप्रमाणे ती बदलून घेतली, की त्या पातळीची सगळी शीर्षके एकदम बदलतात. एपीए या शोधनिबंध-लेखनाच्या अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या नियमावलीच्या सातव्या आवृत्तीतील पहिली पातळी मध्यभागी ठळक, दुसरी डावीकडे ठळक आणि तिसरी डावीकडे ठळक व तिरपी असते. हे तीन प्रकार बसवायला काही मिनिटे पुरतात.

खरी कसोटी चौथ्या आणि पाचव्या पातळीला लागते. तिथे शीर्षक परिच्छेदाच्या सुरुवातीला येते, पूर्णविरामाने संपते आणि मजकूर त्याच ओळीत पुढे चालू राहतो; हेडिंग स्टाइल मात्र पूर्ण परिच्छेदाला लागू होते, त्यामुळे सगळा परिच्छेदच अनुक्रमणिकेत जाण्याची भीती असते. यावर स्टाइल सेपरेटर हा उपाय वर्डमध्येच आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबले, की शीर्षकाअखेरचे परिच्छेदचिन्ह अदृश्य होते आणि दोन वेगळ्या स्टाइलचे परिच्छेद एका ओळीत दिसतात. इतकी कामाची गोष्ट मेनूपट्टीवर सहज सापडत नाही, हा या सोयीतील मोठा दोष म्हणावा लागेल.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या लेखनधाटणीत शीर्षकांना रोमन अंक आणि उपशीर्षकांना अक्षरे लागतात. ती हाताने न टंकता बहुस्तरीय यादी हेडिंग स्टाइलला जोडावी, म्हणजे मधला विभाग गाळला तरी क्रम बिघडत नाही. बाजूला शीर्षकांची यादी दाखवणाऱ्या नॅव्हिगेशन पट्टीत शीर्षक ओढून वर नेले, तर त्याखालचा मजकूरही सोबत सरकतो. मला सर्वाधिक आवडलेली सोय हीच.

अनुक्रमणिका मात्र मूळ मांडणीत ३ पातळ्याच दाखवते आणि शीर्षक बदलल्यावर स्वतःहून सुधारत नाही. निबंध पाठवण्यापूर्वी तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबावे लागते.