फिनाले थांबलं: आता डोरिको, सिबेलियस की म्यूझस्कोर?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीने फिनाले या स्टाफवर संगीत लिहून छापायच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९८८ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर त्या दिवशी बंद पडलं नाही. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते अधिकृत करता येणार नाही, असं सुरुवातीला सांगितलं होतं, पण तो निर्णय कंपनीने लगेच मागेही घेतला. तेव्हा आज हातातलं काम सोडून पळायची गरज नाही. धोका दुसरीकडे आहे. विंडोज किंवा मॅकच्या एखाद्या अपडेटनंतर फिनाले उघडलं नाही, तर दुरुस्ती करायला कोणी नाही, आणि फिनाले चालल्याशिवाय फाइलींतलं संगीत बाहेर काढणं कठीण. म्हणून निर्णय काहीही होवो, फाइली काढून ठेवण्याचं काम आधी उरका. प्रत्येक स्कोअरची (सगळ्या वाद्यांचं एकत्र पान) आणि प्रत्येक पार्टची (एका वाद्याचं पान) पीडीएफ, सोबत म्युझिकएक्सएमएल, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संगीत नेणारी फाइल. फिनालेच्या एक्सपोर्टमध्ये अख्खं फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलायची सोय आहे, ती वापरा.

पीडीएफ कशासाठी? कारण म्युझिकएक्सएमएल संगीत नेतं, पान नेत नाही. स्वर, लय, स्लर, गाण्याचे बोल, कॉर्डची नावं बहुतेक नीट पोचतात. हाताने सरकवलेल्या खुणा, ओळींमधलं अंतर, पान कुठे उलटायचं हे बहुतांशी हरवतं. मूळ पान कसं दिसत होतं याचा पुरावा फक्त पीडीएफमध्ये उरतो.

फिनालेतून येताना नेमकं काय बिघडतं, ते फाइल कशी लिहिली होती यावर ठरतं. दुसऱ्या लेयरमधले (एकाच ओळीवर लिहिलेल्या दुसऱ्या स्वररेषेतले) लपवलेले विराम कधी दिसायला लागतात. ‘पिझ.’ (तार बोटाने छेडायची सूचना) साध्या मजकुरासारखं टाकलं असेल, तर नव्या ठिकाणीही ते मजकूरच राहतं. छापील पानावर बरोबर दिसतं, पण प्लेबॅकमध्ये व्हायोलिन बो लावूनच वाजतं. नोटेऐवजी बारला चिकटवलेल्या खुणा शेजारच्या बीटवर सरकतात. डी.एस. आणि कोडा (वाजवताना मागे-पुढे उडी मारायच्या खुणा) नुसते शब्द म्हणून येतात. क्लॅरिनेट, हॉर्नसारख्या ट्रान्सपोझिंग वाद्यांची (लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळा सूर वाजणाऱ्या) जागा तर पहिल्यांदा तपासा: वाद्य चुकीचं ओळखलं गेलं, तर पार्ट सुबक दिसतो आणि वाजवताना सूर चुकीचा निघतो.

आता फिनालेच्या जागी घेता येणारे तिन्ही पर्याय: डोरिको, सिबेलियस आणि म्यूझस्कोर.

मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्यांनी डोरिको प्रोकडे पाहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१२ मध्ये सिबेलियसचं लंडनमधलं कार्यालय बंद झालं. तिथल्या चमूला स्टाइनबर्ग कंपनीने घेतलं आणि २०१६ मध्ये डोरिकोची पहिली आवृत्ती आली. त्यात नोटेची लांबी बारशी बांधलेली नाही. ४/४ चं ७/८ केलं की पुढचं संगीत आपोआप नव्या बारमध्ये बसतं आणि टाय (एकाच सुराच्या दोन नोटा जोडणाऱ्या कमानी) आपोआप पडतात. मध्येच दोन बीट घालायचे तर इन्सर्ट मोड (आय) लावून नोटा लिहा, पुढचं सगळं सरकतं. ज्या संगीतकाराचे बदल रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री येतात, त्याच्या अरेंजरला याची किंमत कळेल. दुसरी मोठी गोष्ट कंडेन्सिंग, म्हणजे अनेक वाद्यं एका ओळीत आणणं. फ्लूट १ आणि २ वेगळे लिहा. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये ते एका ओळीत येतात, पार्ट वेगळेच राहतात. सिबेलियसमध्ये याला तोडीस तोड सोय नाही, ती ओळ हाताने बांधावी लागते आणि दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. अडचण अशी की डोरिको स्वतःच्या पद्धतीने विचार करायला लावतं. प्लेअर (वादक), फ्लो (संगीताचा एक स्वतंत्र तुकडा) आणि लेआउट (पानांची मांडणी) या तीन कल्पना पचेपर्यंत काम संथ चालतं. पानावर एखादी खूण नुसती ‘ठेवायची’ सवय असलेल्यांची सुरुवातीला चिडचिड होते.

सिबेलियसची बाजू वेगळी आहे. तुमचा ऑर्केस्ट्रेटर, कॉपीइस्ट (पार्ट तयार करणारा) किंवा स्टुडिओ सिबेलियसची .sib फाइल मागत असेल, तर वाद संपला. रोज म्युझिकएक्सएमएलने ये-जा करणं म्हणजे रोज तीच साफसफाई. फक्त समोरच्याची आवृत्ती विचारा. नवी फाइल जुन्या आवृत्तीत तशीच उघडत नाही, मागच्या आवृत्तीसाठी एक्सपोर्ट करावी लागते. आणि जे आधीपासून सिबेलियसवर आहेत, ज्यांचं हाउस स्टाइल (पानाची ठरलेली शैली) बसलेलं आहे, त्यांनी फिनालेच्या बातमीने घाबरून बदलू नये.

म्यूझस्कोर स्टुडिओ फुकट आहे, लिनक्सवरही चालतं, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून छपाईचा दर्जा बराच वर गेला. कॉयर, पियानो-गायन, लहान ब्रास गट, शिकवण्याचं साहित्य यासाठी पैसे खर्चायचं कारण दिसत नाही.

हाताची सवय हा खर्च कोणी धरत नाही. क्वार्टर नोटसाठी दाबायची कळ फिनालेच्या स्पीडी एंट्रीत (नोटा पटापट टाकायच्या पद्धतीत) ५, म्यूझस्कोरमध्येही ५, सिबेलियसच्या कीपॅडवर ४ आणि डोरिकोत ६. म्हणजे फिनालेचा हात म्यूझस्कोरमध्ये त्याच दिवशी चालतो. डोरिकोत शॉर्टकट बदलता येतात, आणि आधी स्वर मग लांबी अशी सवय असेल तर के दाबून तो क्रम मिळतो. तरीही पहिल्या कामाला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा आणि घाईचं काम त्यासाठी निवडू नका.

मराठी बोल लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी चाचणी आहे. जुन्या फाइलींत बोल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर ते आतून इंग्रजी अक्षरंच असतात. दुसरीकडे नेल्यावर कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदला, मग एक्सपोर्ट करा. नंतर ‘राष्ट्र’, ‘क्षितिज’, ‘सूर्य’ हे शब्द नोटांखाली अक्षरागणिक तोडून टाका आणि पीडीएफ काढून पाहा. पडद्यावर जुळलेलं जोडाक्षर पीडीएफमध्ये सुटत असेल, तर दुसरा युनिकोड फाँट लावून पुन्हा बघा. हिंदुस्थानी संगीताची भातखंडे लिपी, खालच्या-वरच्या टिंबांसह, यांपैकी कोणाचंच मूळ काम नाही. स्टाफखाली सरगम हवी असेल, तर ती बोलांच्या दुसऱ्या ओळीत घालणं सोपं पडतं.

पैशांच्या बाबतीत रचना बघा, आजचा भाव नव्हे. डोरिको विकत घेतल्यावर तुमचं राहतं, मोठ्या आवृत्तीला पुन्हा पैसे लागतात, आणि एक परवाना तीन संगणकांवर चालतो. सिबेलियस अल्टिमेट वर्गणीवर मिळतं. वर्गणी घेतली, तर ती काम कमी असतानाही भरावी लागते.

डोरिको आणि सिबेलियस दोन्हींच्या चाचणी प्रती मिळतात. त्यात तीन जुन्या फाइली आणा: एक रोजची, एक सर्वांत मोठी, आणि एक जिच्यात तुम्ही सर्वाधिक जुगाड केले आहेत. प्रत्येकीला छापण्याजोगं करायला किती तास गेले ते लिहून ठेवा. मग स्कोअर बाजूला ठेवा आणि दुसऱ्या क्लॅरिनेटचा पार्ट कागदावर छापून जुन्या पीडीएफशेजारी ठेवा. बार क्रमांक, रिहर्सलची अक्षरं, अनेक बारांचे एकत्र विराम आणि पान उलटायची जागा, चुका आधी तिथेच सापडतात.