होस्टिंग बदलून आठ महिने: हरवलेल्या ‘पायऱ्या’ आणि सापडलेल्या ‘पायऱ्या’

माझी साइट बारवांची आहे. गेली अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि एखादी पायविहीर गाठायची, हा माझा छंद. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, चारठाण्याची आणि अंबडची पुष्करणी, साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर. फोटो ३,९०० आणि थोडे व्हिडिओ मिळून ४१ जीबी. सगळं वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीत, एका शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) होतं. कुठल्या प्लॅनमध्ये काय मिळतं ते तुम्हाला माहीतच असेल, म्हणून थेट अनुभवावर येते.

हलायचं कारण बिल. पहिल्या तीन वर्षांना मिळून ५,४०० रुपये घेतलेल्या कंपनीने नूतनीकरणाला एकाच वर्षाचे ७,८०० आणि वर १८ टक्के जीएसटी मागितला. त्याच आठवड्यात फायलींची संख्या मर्यादेबाहेर गेल्याची नोटीस आली. माझे फोटो ३,९००, मग एवढ्या फायली कुठून? वर्डप्रेस मोठ्या फोटोचे १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ पिक्सेल असे आकार काढून ठेवतं, २५६० चा एक वेगळा, आणि मूळ फोटो असतोच. एकाचे आठ. म्हणजे ३१ हजारांवर फायली, आणि त्यातल्या निम्म्या कधी कोणी उघडल्याही नसतील. त्यांच्या जागेचे पैसे मी वर्षानुवर्षं भरत होते, याची चीड अजून गेलेली नाही.

म्हणून पानं ह्यूगोमध्ये (डेटाबेसशिवाय चालणारी तयार पानं बनवणारं साधन) बदलून क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेवर ठेवली. तिथे फुकट प्लॅनमध्ये एका साइटला २०,००० फायली आणि एका फाइलला २५ एमबी अशी मर्यादा आहे, त्यामुळे फोटो-व्हिडिओ वेगळ्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (नावाने फायली ठेवायच्या ऑनलाइन कोठारात) ठेवायचं ठरलं. ते मी सर्वांत स्वस्त दिसलेल्या एका कंपनीकडे घेतलं. पहिल्या महिन्यात मी इतकी खूश होते की दोघा मित्रांना तेच घ्या म्हणून सांगितलं. साइट पटकन उघडत होती, बिल नगण्य होतं.

मग परभणीच्या एका शिक्षकांचा मेल आला. ‘वालूरच्या पानावर तीनच फोटो दिसतात, बाकी चौकटी रिकाम्या आहेत.’ उघडून पाहिलं तर खरंच. अंबडच्या पानावर तेच, चारठाण्याच्या पानावर तेच. पण प्रत्येक पानावर काही फोटो व्यवस्थित होते, म्हणजे जोडणी तुटलेली नव्हती. स्टोरेजच्या यादीत पाहिलं तर हरवलेले फोटोही जागच्या जागी होते. आरक्लोन या फायली ताडणाऱ्या साधनाने जुन्या सर्व्हरशी ताडून पाहिलं, तर फरक शून्य. दोन रात्री यात गेल्या.

शेवटी वही घेतली आणि न दिसणाऱ्या फोटोंची नावं एकाखाली एक लिहिली. पायऱ्या-उत्तरेकडून. दुसऱ्या-टप्प्यावरून. कोपऱ्यातली-देवळी. उतरणाऱ्या-भिंतीचा-थर. दिसणाऱ्यांची नावं शेजारी: शिलालेख, कमान, मोटेची-जागा. दहावं नाव लिहिताना लक्षात आलं. न दिसणाऱ्या प्रत्येक नावात ‘ऱ’ होता.

हे जरा सविस्तर सांगते, कारण मराठीत नावं ठेवणाऱ्या कोणालाही हे गाठू शकतं. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतक्रमांकांत, दोन प्रकारे लिहिता येतं. एक, सबंध अक्षर, ज्याचा संकेत ०९३१. दुसरं, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब), म्हणजे ०९३० आणि ०९३क (हा ‘क’ म्हणजे सोळाच्या पद्धतीतला सी). डोळ्याला दोन्ही एकच. हे संकेत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र पहिलं तीन बाइटचं आणि दुसरं सहा. एकत्र रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्याला एनएफडी. मी जुन्या साइटची झिप माझ्या मॅकच्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर उघडली होती. त्या डिस्कची एचएफएस प्लस ही फायली ठेवण्याची पद्धत प्रत्येक नाव सुटं करूनच ठेवते. तिथून नावं तशीच स्टोरेजवर चढली. पानांतल्या लिंक मात्र जुन्या डेटाबेसमधल्या, सबंध ‘ऱ’च्या. स्टोरेज बाइटला बाइट जुळवतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. आणि आरक्लोन तुलना करताना दोन्ही रूपं एकच धरतं, म्हणून ते फरक शून्य सांगत होतं. ती सोय बंद करून पुन्हा चालवलं तेव्हा आकडा आला: ६१२ फायली.

कंपनीला लिहिलं. सगळं पुराव्यानिशी, दोन्ही नावांचे बाइट देऊन. चौथ्या दिवशी उत्तर आलं: फाइलींची नावं इंग्रजीत ठेवावीत. मी पुन्हा लिहिलं की इंग्रजी नाव हा माझ्या प्रश्नाचा उपाय नाही, तुमची प्रणाली काय करते ते सांगा. पुन्हा तेच वाक्य, खाली वेगळ्या माणसाची सही. माझ्या फायलींची नावं हीच माझी सूची आहे: गाव, दिशा, भाग. बारवेची ‘देवळी’ आणि ‘कोनाडा’ मी वेगळे लिहिते, कारण ते वेगळे आहेत. ते इंग्रजीत गुंडाळून ठेवायचं तर अकरा वर्षांचं काम पुन्हा करावं लागेल, आणि तेही एका नुक्त्यापायी.

त्याच रागात मी कंपनी सोडली. आता थंड डोक्याने लिहायचं तर, बाइट जसेच्या तसे ठेवणं ही त्यांची चूक नव्हती, बहुतेक ऑब्जेक्ट स्टोरेज तसंच वागतं. खोट माझ्या डिस्कमध्ये होती. पण प्रश्न न वाचता दिलेलं उत्तर मात्र त्यांचंच, आणि तिथून माल बाहेर काढायला जीबीमागे पैसे लागतात ते वेगळंच. मी तिथून काढलंच नाही. घरच्या डिस्कवरून दोन रात्रींत, लिंबचे अकरा व्हिडिओ सोडून, सगळं नव्याने चढवलं.

या वेळी क्लाउडफ्लेअरचं आरटू हे ऑब्जेक्ट स्टोरेज घेतलं. त्यांच्या माहितीत एक ओळ सापडली आणि मी ती तीनदा वाचली: फाइलचं नाव साठवण्याआधी ते एनएफसी करून घेतात. म्हणजे माझी डिस्क कितीही सुटं करो, तिथे ‘ऱ’ सबंधच बसणार. आधी एकच फाइल चढवली, वालूरच्या पायऱ्यांची. दिसली. मग बाकीच्या सोडल्या आणि सकाळी पानं उघडली, तर चौकटी भरलेल्या. आठ महिन्यांतला सर्वांत आनंदाचा क्षण तो.

पैशांचं सांगते. आरटूत महिन्याला १० जीबी फुकट, पुढे जीबीमागे दीड सेंट, आणि बाहेर जाणाऱ्या डेटाला शुल्क नाही. माझ्या वरच्या ३१ जीबीचे सुमारे ४७ सेंट होतात, म्हणजे चाळीसेक रुपये. फुकटच्या मर्यादेत राहिलात तरी कार्ड द्यावं लागतं. बिल डॉलरमध्ये असल्याने बँक आपला वेगळा आकार लावते. २०२१ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर परदेशी कंपन्यांची आपोआप कापली जाणारी रक्कम कधी कधी अडते, म्हणून बिलाच्या तारखेचा गजर फोनवर लावून ठेवा. स्वतःच्या डोमेनवरून फोटो दाखवायचे तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे न्यावे लागतात. नेताना जुन्या नोंदी एकेक तपासून घ्या. मी मेलची एक नोंद विसरले आणि दोन दिवस माझी पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये गेली.

जुन्या पानांचे पत्ते हाही थोडा त्रास झाला. वर्डप्रेस मराठी शीर्षकाचा पत्ता बनवताना २०० बाइटवर कापतं. तिथे प्रत्येक बाइट टक्केचिन्ह लावून तीन अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे देवनागरी प्रत्येक खुणेला तीनऐवजी नऊ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून बावीस खुणांत पत्ता संपतो. त्यामुळे माझे बरेच जुने पत्ते शब्दाच्या मध्येच तुटलेले होते, आणि ह्यूगोने ते पूर्ण केले. जुन्या तुटक्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवण्याची यादी हाताने केली, एका रविवारचं काम.

इथवर मी सहाव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि ‘नावांची चिंताच मिटली’ म्हणत आरटूला पैकीच्या पैकी दिले होते. ते आता बदलते. गेल्या महिन्यात चारठाण्याचे जुने, २०१४ चे फोटो पाहताना पुन्हा रिकाम्या चौकटी दिसल्या. पुन्हा ‘पायऱ्या’च. पण आता नुक्त्याचा प्रश्न नव्हता. माझ्या जुन्या संगणकावर अर्धा ‘ऱ’ तिसऱ्याच प्रकारे लिहिला जायचा: साधा ‘र’, हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. हे रूप एनएफसी केल्यावरही बदलत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो वेगळाच मजकूर आहे. पानांच्या लिंक मी नंतर कधीतरी नव्या कळफलकावर दुरुस्त केल्या होत्या, फायली तशाच राहिल्या. अशा ८७ निघाल्या. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये नाव बदलणं म्हणजे नव्या नावाने प्रत काढणं आणि जुनी पुसणं. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून ते केलं. यात आरटूचा दोष नाही, पण ‘नावांची चिंताच मिटली’ हे माझं वाक्य मागे घेते.

तेव्हा कुठलीही सेवा घेताना पैसे भरण्याआधी ‘पायऱ्या’ नावाची फाइल तिन्ही प्रकारे लिहून चढवून पाहा. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि जे दाबलं की सबंध ‘ऱ’ येतो. मी आता फक्त तोच वापरते, फोनवरही.

लिंबच्या विहिरीचे अकरा व्हिडिओ अजून जुन्या डिस्कवर आहेत. आधी त्यांची नावं स्क्रिप्टमधून जातील, मग ते वर चढतील.