एएसी ब्लॉकचं घर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि बिलात असलेली पण भिंतीत नसलेली जाळी

एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, चांगला आहे. हे आधी लिहून टाकते, कारण जुलैत पश्चिमेच्या खोलीत कॉलमच्या कडेने ओल उतरली तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण "वीटच घ्यायला पाहिजे होती" असं सांगून जातोय. डिसेंबरात आम्ही राहायला आलो. उन्हाळा काढला, पावसाळाही आता उतरणीला लागलाय. एवढं राहून झाल्यावर तक्रार नेमकी कशाची करायची हे मला पक्कं कळलंय, आणि ती ब्लॉकची नाही.

घर सांगलीतच, कुपवाडच्या बाजूला. तळमजला आणि वर गच्ची. बाहेरच्या भिंती आठ इंची, आतल्या चार इंची. ब्लॉकचा आग्रह इंजिनिअरांचा, आणि त्याचं कारण जमीन. आमच्या प्लॉटखाली काळी माती आहे, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकणारी. अशा जमिनीवर भिंतीचं वजन जितकं कमी तितका पाया आणि लोखंड आटोक्यात राहतं. वीटकाम घनमीटरला अठराशे-एकोणीसशे किलो भरतं, हा ब्लॉक सहाशेच्या आसपास. भूकंपात इमारतीवर येणारा जोरही तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. सासूबाईंना १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं. मला पटला तो हिशेब. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत खतावण्या बघते, त्यामुळे दर नुसता नगावर बघून मी गप्प बसत नाही. एक ब्लॉक दहाएक विटांची जागा घेतो. जोड दोन-तीन मिलिमीटरचा, तोही तयार केमिकलचा, म्हणजे वाळू जवळजवळ गेलीच. नऊ इंचांच्या जागी आठ इंची भिंत, म्हणून खोलीत जागा थोडी वाढते. नगाचा भाव बघून वीट स्वस्त वाटते. भिंतीचा भाव काढला की वाटत नाही.

आता उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये सांगली चाळिशीला टेकते हे इथल्यांना सांगायला नको. गावभागातल्या जुन्या भाड्याच्या घरात संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवता यायची नाही. इथे मे महिन्यात चारच्या सुमारास मी त्याच दिशेच्या भिंतीला आतून तळहात लावला, तर ती गार. बाहेर जाऊन तीच भिंत बाहेरून बघितली, हात ठेववत नव्हता. ब्लॉक बनवताना सिमेंट, चुना आणि राखेच्या लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग तारेने कापून बंद टाकीत दाबाच्या वाफेवर, १८० अंशांच्या पुढे, तासन्‌तास शिजवतात. आत राहिलेल्या त्या बारीक पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते. स्वीडनमध्ये आक्सेल एरिक्सन यांनी १९२० च्या दशकात हे शोधून काढलं ते थंडी बाहेर ठेवायला, सांगलीत ते ऊन बाहेर ठेवतं. आपल्याकडच्या आयएस २१८५ भाग ३ या मानकात या वजनाच्या ब्लॉकसाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा ०.२४ आहे. भाजलेली वीट त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता आत सोडते.

पण स्लॅब तोच आहे, सिमेंट काँक्रीटचा. दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत डोक्यावर उष्णता सोडत राहतो. भिंती ब्लॉकच्या केल्या म्हणजे घर गार झालं असं सांगणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत झोपून बघावं. आम्ही गच्चीवर पांढरा परावर्तक रंग दिला, तेव्हा कुठे फरक पडला. आवाजाच्या बाबतीतही वीट वरचढ. आवाज अडवायला वजन लागतं आणि ते इथे नाही. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर डेक लावून रात्री दोनला रस्त्याने जातो, तेव्हा गाणं कुठलं आहे हे आतून ओळखू येतं.

खिळ्याबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात. साधा खिळा धरत नाही, लाकडी गुल्ली तर विसराच. लांब नायलॉनचा प्लग घ्यायचा आणि ड्रिलचं हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, कारण हॅमरने भोक मोठं होतं आणि प्लग गोल फिरतो. गिझर आणि किचनची वरची कपाटं आरपार बोल्टने लावली, जिथे जमलं तिथे कॉलमवरच घेतली. एकदा नीट केलं की प्रश्न संपतो. पाइपसाठी छिन्नी-हातोड्याने खाचा मारू देऊ नका, कटरच लावा.

आता भेगा. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण याच्यावरच मी सगळ्यात जास्त भांडले आहे.

होळीनंतर ऊन वाढलं तशा बाहेरून तीन ठिकाणी उभ्या भेगा दिसायला लागल्या. तिन्ही ठिकाणं तीच, जिथे ब्लॉकची भिंत काँक्रीटच्या कॉलमला भिडते. एक आडवी भेग बीमच्या खाली. केसाएवढ्या, पण सरळ, पट्टीने ओढल्यासारख्या. ठेकेदारांना बोलावलं. ते भिंतीपासून चार हात लांब उभे राहूनच म्हणाले, "वहिनी, ही हेअरलाइन हाय. ब्लॉकच्या कामात सगळ्यांच्याच घरात असती. पुढच्या रंगाला भरून जाईल."

तेव्हा माझा संशय ब्लॉकवर होता. माल हलका मारला असेल असं वाटत होतं, कारण गाडी उतरली तेव्हा काही ब्लॉकच्या कडा हातानेच तुटत होत्या. जिन्याखाली काही उरलेले ब्लॉक पडून होते, महिनोन्‌महिने कोरडे. त्यातला एक न तुटलेला ब्लॉक मी अडतीवर नेला आणि हळदीच्या काट्यावर ठेवला. पंधरा किलोच्या आसपास भरला. ६०० गुणिले २०० गुणिले २०० मिलिमीटरचा ब्लॉक म्हणजे चोवीस लिटर. भागाकार केला तर घनमीटरला ६२५ किलो. मानकातला हा गट ५५१ ते ६५० चा आहे, म्हणजे वजन बरोबर मधे बसतंय. वजनावरून ताकद कळत नाही, ती प्रयोगशाळेत दाबूनच बघावी लागते आणि या गटातल्या पहिल्या प्रतीला चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन लागते. तीही तपासून घेतली, पास झाली. ज्यांना ब्लॉकची शंका आहे त्यांनी आधी हा काट्याचा प्रयोग करावा, फुकट आहे. फक्त ब्लॉक कोरडा पाहिजे. कारखान्यातून ताजा आलेला किंवा भिजलेला ब्लॉक कितीतरी जड भरतो आणि आकडा फसवतो.

तिथून माझं मत बदललं. ब्लॉक पास होत असेल तर भेग कशाची? त्याच मानकात आणखी एक आकडा आहे, वाळताना आकसण्याचा. पहिल्या प्रतीला ०.०५ टक्के चालतं. ऐकायला काहीच नाही, पण चार मीटरच्या भिंतीला ते दोन मिलिमीटर होतं. हे दोन मिलिमीटर कुठेतरी जाणारच, आणि ते जातं जिथे पकड सगळ्यात कमी तिथे, कॉलमच्या सांध्यात. आमच्या भिंती ऑगस्टमध्ये चढल्या. ब्लॉक उघड्यावर रचलेले होते आणि वरून कागद घातला होता तो पहिल्या वाऱ्यात उडाला. भिजलेले ब्लॉक चढले, मार्चच्या उन्हात वाळले आणि आकसले. त्यात गवंडी विटेच्या सवयीचे. विटा भिजवून लावतात म्हणून पाइप धरून ब्लॉकच्या थप्पीवरही पाणी मारत होते. ब्लॉकला फक्त लावायच्या बाजूने ओलसर हात फिरवायचा असतो.

असं होऊ शकतं हे इंजिनिअरांना माहीत होतं, म्हणून त्यांनी अंदाजपत्रकात उपायही लिहिला होता. ब्लॉक आणि काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर प्लास्टरच्या आत जाळीची पट्टी, दोन्ही बाजूंना वीतभर पसरलेली. बीमखाली फट ठेवायची आणि भिंत बसल्यावर, काही दिवसांनी भरायची. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. जाळीचे पैसे प्लास्टरच्या बिलात वेगळ्या ओळीवर लागलेत आणि ते मी स्वतः दिलेत.

जुलैत पाऊस पश्चिमेकडून आडवा लागला आणि केसाएवढ्या भेगेने पाणी आत घेतलं. ब्लॉकच्या पोकळ्या पाणी पटकन पितात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे आतला रंग फुगला, पोपडे आले. मग मी ठेकेदारांची वाट बघितली नाही. शेजारच्या कामावरच्या एका म्हाताऱ्या गवंडीमामांना घेऊन आले. ते अजून या ब्लॉकला सिपोरेक्स या जुन्या ब्रँडच्या नावानेच ओळखतात. त्यांनी भेगेवर छिन्नी लावली आणि करणीच्या टोकाने प्लास्टर उकललं. जाळी नव्हती. तीन सांधे उघडले, तिन्हीत नव्हती. बीमखालची फट उघडली तेव्हा आतून कोरड्या मालात कोंबलेले विटांचे तुकडे निघाले आणि त्यांच्यामागे घडी करून घातलेला सिमेंटच्या पोत्याचा कागद. कागदावरची छपाई अजून वाचता येत होती. मामा म्हणाले, "ताई, ब्लॉक बिचारा काय करंल? त्याला धरायलाच कुणी न्हाई."

मी फोटो काढले, बिलाची ती ओळ खुणेने दाखवली आणि ठेकेदारांना पाठवली. आधी उत्तर आलं की आत बारीक जाळी आहे, दिसत नाही. मग आलं की माणसांनी विसरली असेल. मग आलं की जाळी लावली असती तरी भेगा आल्याच असत्या. माझ्याकडे शेवटचा हप्ता होता म्हणून ते बोलायला तरी आले. अख्ख्या घराच्या सांध्यांना लागणारी जाळी दोन-अडीच हजारांची. ती न लावल्यामुळे आता परांची बांधून, प्लास्टर कापून, भेग इंग्रजी व्ही आकारात उघडून, पॉलिमर घातलेल्या मालाने भरून, काचेच्या धाग्याची जाळी बसवून, पुन्हा प्लास्टर आणि पुन्हा रंग. हा खर्च पंचवीस हजारांच्या पुढे गेला. एवढ्या मोठ्या बांधकामात वाचवून वाचवायचं काय, तर दोन-अडीच हजार, आणि तेही ज्यांनी पैसे आधीच दिलेत त्यांच्याकडून. याचा राग माझा अजून गेलेला नाही. पश्चिमेची भिंत त्यांनी करून दिली, जाळीची रक्कम वजा केली. बाकीच्या दोन बाजू मी मामांकडून करून घेतल्या आणि तो खर्च शेवटच्या हप्त्यातून कापला. त्यांना ते आवडलं नाही. दुरुस्तीनंतर ऑगस्टचा पाऊस झाला, सांधे कोरडे आहेत.

पुराचं विचारणारे खूप आहेत, सांगलीत ते विचारणारच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका मानतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या भागात तेव्हा पाणी आलं नाही, त्यामुळे पुरातला अनुभव माझ्याकडे नाही. पण ब्लॉक विरघळत नाही, वाफेवर शिजलेला असतो. पाणी मात्र भरपूर पितो आणि वाळायला वेळ घेतो. म्हणून जोत्याखाली हा ब्लॉक वापरायचाच नाही, तिथे काँक्रीट किंवा भरीव ब्लॉक, आणि वर ओल अडवणारा थर. नदीकाठच्या गल्लीत घर असेल तर मी खिडकीच्या तळापर्यंत तरी हा ब्लॉक घेतला नसता.

एक गोष्ट हिशेबात मावत नाही, पण लिहिते. माझं माहेर कृष्णाकाठचं. दिवाळीनंतर भट्ट्या लागायच्या तेव्हा मळ्याच्या कडेची पोयट्याची माती ट्रॅक्टरने जाताना मी लहानपणापासून बघितली आहे. जिथून ती गेली तिथे आजही ऊस गुडघ्याएवढाच येतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून विटा-ब्लॉक करायची केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची, आणि तिच्यात शेतातली वरची माती वाचवायचं कारण सरळ लिहिलेलं होतं. ते कारण मला जवळचं वाटतं.

पुढच्या वर्षी वरचा मजला चढवायचा आहे आणि तो ब्लॉकचाच. मामांशी बोलणं झालंय. भिंती डिसेंबरनंतर चढवायच्या, ब्लॉक फळ्यांवर रचून झाकायचे, दिवसाला चार फुटांच्या वर थर न्यायचे नाहीत. सांध्यांची जाळी मी स्वतः दुकानातून आणून देणार. प्लास्टरचा माल कालवण्याआधी प्रत्येक सांध्यावर जाळी ठोकलेली मला दाखवायची, मी फोटो काढणार, फोटो झाल्यावरच प्लास्टर. मजुरीतला काही भाग पुढचा पावसाळा होईपर्यंत माझ्याकडे राहील. मामांनी ही अट ऐकून लगेच हो म्हटलं.