दहा रुपयांची नोट आणि स्वस्त रायफलचा दस्ता: चौदा महिने वापरल्यानंतर

गेल्या मार्चमध्ये टेक्सासच्या बॅस्ट्रॉप काउंटीतल्या एका ओळखीच्या शेतावर माझी गोळी रानडुकराला चुकीच्या जागी लागली. अंतर ऐंशी यार्ड, वारा पडलेला, रायफल बायपॉडवर (पुढे लावलेल्या दोन पायांच्या टेकूवर), चाप अगदी सावकाश ओढलेला. डुक्कर जागीच बसलं, मग उठलं आणि सीडरच्या झाडीत घुसलं. बॅटरीच्या उजेडात रक्ताचे थेंब बघत त्याला शोधायला दीड तास लागला. गोळी पाठीच्या कण्याच्या वर, नुसत्या मांसात लागली होती. जनावर तडफडत राहिलं याचं मला फार वाईट वाटलं, आणि आदल्याच आठवड्यात मी नेम शंभर यार्डावर नीट बसवून आणला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रायफल कोणती ते सांगण्यात अर्थ नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक सगळ्या अशाच असतात. .३०८ विंचेस्टर काडतुसाची, बोल्ट अॅक्शन (दर गोळीला खटका हाताने मागे-पुढे करायचा), काळा प्लास्टिकचा दस्ता (नळी ज्यात बसते ते लांब अंग), निघणारं मॅगझिन, वर ३-९×४० ची दुर्बीण बसवूनच मिळालेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टॅक्ससकट ४६० डॉलरला घेतली. इथे टेक्सासमध्ये रानडुकरांनी शेतकऱ्यांचा जीव मेटाकुटीला आणलाय. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरासाठी हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही. हरणासाठी मात्र लागतं, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना साधारणपणे हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल मिळते. एच-१बी वर असाल तर एरवी मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद, म्हणजे डुकरासाठी लागत नसलं तरी या अपवादावर रायफल विकत घ्यायची तर ते लागतंच. मित्राच्या नावावर घेऊ वगैरे विचार मनातसुद्धा आणू नका. तो सरळ गुन्हा आहे, इमिग्रेशनचं जे होईल ते वेगळंच.

आता मुद्द्यावर येतो. त्या डुकराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रायफल ओट्यावर ठेवली आणि पाकिटातली दहा रुपयांची जुनी नोट काढली. कोल्हापूरहून येताना आईने देवापुढची म्हणून दिलेली, तेव्हापासून पाकिटातच असते. ती नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून मागे सरकवायची. नळी मोकळी असेल तर नोट पार रिसीव्हरपर्यंत (नळी मागे ज्यात बसते त्या धातूच्या भागापर्यंत) जाते. माझी चार बोटांवर अडकली, उजव्या बाजूला. मग दस्त्याचं पुढचं टोक दोन बोटांनी वर दाबलं, तर प्लास्टिक वाकून नळीला सपशेल चिकटलं. दोन बोटांनी! बायपॉडवर रायफल टेकवून अंगाचा भार दिला की हेच होत असणार.

रेंजवर जाऊन पाच-पाच गोळ्या झाडून बघितल्या. वाळूच्या पिशवीवर, रिसीव्हरच्या जवळ टेकवून, शंभर यार्डावर सव्वा इंचात पाच गोळ्या. बायपॉडवर गोळ्यांचा झुबका तेवढाच राहिला, पण अख्खा झुबका तीन इंच वर आणि थोडा उजवीकडे सरकला. नेम मी पिशवीवर बसवला होता आणि डुकरावर बायपॉडवरून झाडलं होतं. हिशेब जुळला.

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. मध्ये कुठे दस्ता टेकला आणि तोही कधी कमी कधी जास्त दाबाने, की प्रत्येक वेळचं थरथरणं वेगळं. त्यात बारीक नळी चार-पाच गोळ्यांत तापते, मग आणखी फरक.

कंपनीला फोन केला. रायफल पाठवा म्हणाले. पाच आठवड्यांनी परत आली, दस्त्याला हातसुद्धा न लावता. सोबत तीन गोळ्यांचं एक टार्गेट आणि ‘ठरलेल्या मर्यादेत आहे’ असा कागद. टार्गेट चांगलं होतं, पण ते कशावर टेकवून झाडलं हे लिहिलेलं नव्हतं. माझी तक्रार झुबक्याची नव्हतीच, झुबका जागा बदलतो ही होती. हे फोनवर तीन वेगवेगळ्या लोकांना सांगितलं, तिघांनीही पहिल्यापासून विचारलं. त्या पाच आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही.

त्याआधी मी एक चूक केली होती. सहा पौंडांच्या जवळपास जाणारा जड चाप नकोसा वाटला म्हणून डिसेंबरातच १५० डॉलरचा नवा ट्रिगर गनस्मिथकडून बसवून घेतला. तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पहिला खर्च ट्रिगरवर करा. ते मत आता मागे घेतो. ट्रिगर सुंदर आहे, पण चुकीच्या जागी जाणारी गोळी त्याने फक्त हलक्या हाताने सुटली.

नळीला मात्र नावं ठेवायला जागा नाही. या स्वस्त रायफलींत नळी एका मोठ्या नटाने रिसीव्हरला आवळतात. गेज घालून काडतुसाच्या जागेचं अंतर जुळवायचं आणि नट आवळायचा, कुशल कारागिराचे तास वाचतात. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये ११० मॉडेलमध्ये ही युक्ती आणली, आता बऱ्याच कंपन्या वापरतात. तिथे वाचवलेल्या पैशाने नेमबाजी बिघडत नाही. दस्त्यात वाचवलेल्या पैशाने बिघडते.

मे महिन्यात लॅमिनेट लाकडाचा दस्ता घेतला, १७० डॉलर. बसवल्या दिवशी नोट सुळकन आत गेली. पिशवी आणि बायपॉड, दोन्हीकडून गोळ्या एकाच जागी. इथेच थांबलो असतो, पण रायफल सव्वा पौंडाने जड झाली. ऑक्टोबरपर्यंत खांद्यावर टाकून शेतं तुडवली आणि मनाने ठरवलं, हे आपल्याला झेपणारं नाही.

मग जुना प्लास्टिकचा दस्ता काढला. सॉकेटवर ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून नळी बसते ती खाच घासली, उजवी बाजू जरा जास्त. आतून दस्ता पोकळ असतो, नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्या. या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून आतलं अंग खरवडलं, पट्ट्यांना बारीक भोकं पाडली, म्हणजे इपॉक्सी त्यातून आरपार जाऊन खिळ्यासारखी बसते. मोडक्या कार्बन बाणांचे दोन तुकडे लांबीत ठेवले आणि वरून इपॉक्सी ओतली. चोवीस तास वाळू दिलं. खर्च अठरा डॉलर. शिवाय चाळीस डॉलरचा टॉर्क पाना, कारण दस्ता आणि रिसीव्हर जोडणारे स्क्रू अंदाजाने आवळले की झुबका पुन्हा फाकतो. माझ्या पुस्तिकेत ३५ इंच-पाउंड दिलंय, तेवढेच आवळतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते पहाटे उठून बघितलं होतं. ती .२२ ची रायफल, तिचा आणि माझ्या रायफलीचा किमतीत काही संबंध नाही. पण गुडघ्यावर, झोपून, उभं राहून असे तिन्ही प्रकार बदलले तरी दस्ता नळीशी भांडत नाही, हे तिथेही तितकंच खरं.

परवाच्या रविवारी पुन्हा रेंजवर गेलो. पाच पिशवीवर, पाच बायपॉडवर, एकाच कागदावर. दहाही गोळ्या दीड इंचात. लॅमिनेटचा दस्ता आता विकायला काढलाय, कुणाला बसून मारायची रायफल करायची असेल तर त्याच्यासाठी उत्तम आहे.

मॅगझिनची प्लास्टिकची खिट्टी मात्र गेल्या आठवड्यात तुटली. नवी मागवलीय, तोपर्यंत एकेक काडतूस हाताने घालतोय.