मस्टरऐवजी ॲप: फीडर विलगीकरणाच्या कामावर आठ महिने वापरल्यानंतर

केंद्र सरकारच्या आरडीएसएस या वीजवितरण सुधारणा योजनेतील ११ केव्ही कृषी फीडर विलगीकरणाचे, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी गावाच्या वाहिनीपासून वेगळी करण्याचे काम आम्ही जालना जिल्ह्यात पोटकंत्राटावर करतो. खड्ड्यांची, पोल उभे करणाऱ्यांची आणि तारा ओढणाऱ्यांची अशा तीन टोळ्यांसाठी आम्ही चेहरा ओळखून हजेरी घेणारे एक ॲप वर्गणी भरून घेतले.

हजेरीचा घोळ मिटला, हे आधी मान्य करतो. पूर्वी मुकादम सांगेल तो आकडा मस्टरवर चढत असे. आता खाडा लपत नाही. दसऱ्यानंतर निम्मे गडी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेले, तेव्हा नव्या माणसांची नोंदणी दोन दिवसांत आटोपली. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देताना हीच हजेरी कामी आली.

मात्र ॲपला दिवस कळतो, काम कळत नाही. नऊ मीटरच्या पोलला दीड मीटर खोल खड्डा लागतो. काळ्या मातीत एक जोडी दिवसात तीन-चार खड्डे काढते, तर खडक लागला की एकच खड्डा दुसऱ्या दिवसावर जातो. आमचा हिशेब खड्ड्यावर असल्यामुळे, आणि मुकादमाच्या उचलीसाठी ॲपमध्ये रकानाच नसल्यामुळे, वही सुटलेली नाही.

खरा उपयोग झाला तो शटडाऊनच्या, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवण्याच्या वेळी, जो विकणाऱ्याने सांगितलाही नव्हता. परमिट (बंद लाइनवर काम करण्याची लेखी परवानगी) घेऊन, दोन्ही बाजूंना अर्थिंग करून, म्हणजे चुकून वीज आली तरी ती जमिनीत जावी म्हणून तारा जमिनीशी जोडून काम चालले होते, आणि संध्याकाळी लाइन पुन्हा चालू करण्यासाठी लाइनमनचे ‘परमिट परत द्या’ म्हणून फोनवर फोन येत होते. ॲपमध्ये अकरा जण कामावर दिसत होते, समोर दहाच उभे होते. अकरावा गडी तीन स्पॅन (दोन पोलमधले अंतर) पलीकडे, उंच ज्वारीच्या आड, पोलवर बसून पिन इन्सुलेटरला तार बांधत होता. तो खाली उतरून आमच्यात येईपर्यंत अर्थिंग काढले नाही.

तरीही या आकड्यावर मी विसंबत नाही. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच अडकते आणि तासाभराने पोहोचते. एकदा घरी गेलेले दोघे कामावर दिसत होते, म्हणजे उलटेही घडू शकते: कामावरचा माणूस ॲपमध्ये दिसणारच नाही. ॲपच्या कंपनीला तीनदा कळवले, उत्तर आले नाही. तोवर परमिट परत करण्यापूर्वी नावे मोठ्याने पुकारणे चालूच आहे.