पोट बांधावं की व्यायाम करावा? कापड, पट्टा आणि ओटीपोटाचे व्यायाम

बाळंतीण घरी आली की दोन दिवसांत पोट बांधायचा विषय निघतोच. आजी जुनं मऊ लुगडं काढते, जाऊ औषधाच्या दुकानातला पट्टा सुचवते, डॉक्टर व्यायाम सांगतात. या तिघांचं काम वेगवेगळं आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

प्रसूतीनंतर गर्भाशय साधारण १ किलोचं असतं आणि बेंबीच्या आसपास गोळ्यासारखं हाताला लागतं. रोज बोटभर खाली उतरत १०-१४ दिवसांत ते ओटीपोटात जातं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकाराला येतं. बाळ अंगावर पिताना कळ येते ती याच आकुंचनाची. बांधल्याने याला वेग येत नाही, आणि न बांधल्याने पोटात वाराही शिरत नाही. पोट सैल दिसतं ते मुख्यतः नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे.

पट्ट्याचा खरा फायदा सिझर झालेल्या बाईला होतो. उठताना, खोकताना टाक्यांना आधार मिळतो, दुखणं कमी होतं, म्हणून चालणं लवकर जमतं. लवकर चालणं महत्त्वाचं, कारण नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. माप आत्ताच्या पोटाचं घ्या, गरोदरपणाआधीचं नको. उताणं झोपूनच बांधा, खालची कडा टाक्यांच्या खाली येऊ द्या आणि जखम पूर्ण झाका. कडा टाक्यांवरच आली तर घासते. आत दोन बोटं सहज जायला हवीत. दोन-तीन तासांनी सोडा, जेवताना आणि झोपताना काढा. घामाने जखम ओली राहिली की ती चिघळू शकते.

सुती कापडात हवा खेळते, उकाड्यात घामोळं कमी येतं. पण किती ताण दिला ते कळत नाही, आणि तासाभरात ते गोळा होऊन कमरेला दोरीसारखं आवळतं. मग दाब खाली जातो. योनीमार्गाभोवतीचे स्नायू प्रसूतीत आधीच ताणलेले असतात. त्यांच्यावर रोज भार पडला तर लघवी निसटणं आणि अंग बाहेर येणं, दोन्ही तक्रारी वाढू शकतात. ‘घट्ट बांधलं तरच पोट आत जाईल’ हा आग्रह म्हणून आम्हाला धोक्याचा वाटतो. बांधायचंच असेल तर कापड रुंद घडीचं घ्या आणि श्वास मोकळा राहील इतपतच आवळा.

स्नायूंना ताकद देतो तो फक्त व्यायाम. साधी प्रसूती झाली असेल तर एक-दोन दिवसांत सुरू करता येतो. सिझरनंतर आधी लघवीची नळी निघू द्या. पहिला व्यायाम योनीमार्गाभोवतीच्या स्नायूंचा: लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखे ते वर ओढा, ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका, नितंब आवळू नका. लघवी करताकरता याचा सराव नको, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. दुसरा व्यायाम पोटाचा: गुडघे वाकवून झोपा, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्या. उताणं झोपून धड उचलायचे व्यायाम (सिट-अप्स), पोटावर जोर देऊन उठणं तूर्त नको. अंथरुणातून उठायचं ते कुशीवर वळून, हाताच्या आधाराने.

आमचं मत असं: साध्या प्रसूतीनंतर व्यायाम पुरे, पाठ दुखत असेल तरच सैल पट्टा. सिझर असेल तर पहिले दोन-तीन आठवडे पट्टा, सोबत व्यायाम, आणि सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, ताप १००.४ अंशांवर गेला, अंगावरून जाण्याला घाण वास आला, टाक्यातून पू आला किंवा एकाच पोटरीला सूज आली तर लगेच डॉक्टर गाठा.

सहा-आठ आठवड्यांनी गुडघे वाकवून झोपा, डोकं किंचित उचला आणि बेंबीपाशी बोटं ठेवून बघा. पोटाच्या उजव्या-डाव्या स्नायूंमधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं बसत असतील तर पट्टा बदलत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.